गाडीचं ठिबक: पेट्रोल इंजेक्शन कसं चालतं आणि पिवळा दिवा काय सांगतो



*या आठवड्याचा पाठ.* जरा लांब आहे. संध्याकाळी निवांत वाचा, नाहीतर जपून ठेवा.

दर वेळी आपण बागेबद्दल बोलतो, आज गाडीबद्दल बोलू. काही जण म्हणतील, कृषीवाल्याला इंजिनाचं काय करायचं? पण आंबियाची तोडणी तोंडावर आली आहे. वर्षभर झाड सांभाळायचं, आणि तोडलेला माल गाडीत असताना गाडीच रस्त्यात बसली तर वर्षभराच्या मेहनतीचा भाव त्या एका रात्रीत खाली येतो.

*मागच्या हंगामातली गोष्ट*

आपल्या एका सभासद दादांची छोटी पेट्रोल मालगाडी आहे. संत्रा भरून आम्ही दोघं आष्टीहून कळमन्याला निघालो. आदल्या दिवशी दादांनी फवारणीच्या एचटीपी पंपानं गाडी धुतली होती, इंजिनासकट. तळेगाव मागं टाकलं आणि मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा *लुकलुकायला* लागला. गाडी थोडी अडखळत होती. मी म्हटलं, दादा, थांबून पाहू. दादा म्हणाले, "चालून राह्यली नं गाडी, मंग जळू दे तो दिवा."

कारंजा गेलं. कोंढाळीच्या अलीकडे गाडीचा जोर संपला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी बैलगाडीच्या चालीनं चालेना. रात्र तिथंच गेली. दुसऱ्या गाडीत माल भरून पोहोचलो तेव्हा सकाळचा लिलाव उरकला होता. उरलेल्या भावात माल द्यावा लागला.

पुढं एका गॅरेजात अंदाजानं पेट्रोल पंप बदलला. पैसे गेले, गाडी तशीच. दुसऱ्यानं स्कॅनर लावला, पाच मिनिटांत कारण सापडलं. प्लगच्या कॉइलच्या जोडणीत पाणी गेलं होतं. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नव्हती. तळेगावला थांबून जोडणी पुसून कोरडी केली असती तर काम फुकटात झालं असतं. तसंच दामटल्यामुळे सायलेन्सरच्या नळीतली महागडी जाळी जळून वितळली, आणि खर्च पाच आकडी झाला.

मी मेकॅनिक नाही. पण त्या दिवसापासून हा विषय समजून घेतला, तेव्हा लक्षात आलं की हे सगळं आपल्याला आधीच माहीत आहे. हे ठिबकच आहे.

*१) जुनी पद्धत: कार्बोरेटर म्हणजे व्हेंच्युरी*

ठिबकमधून खत सोडायला आपण व्हेंच्युरी लावतो. पाणी अरुंद गळ्यातून वेगानं जातं, तिथं दाब कमी होतो आणि बादलीतलं खत आपोआप ओढलं जातं. जुन्या गाडीचा कार्बोरेटर अगदी याच तत्त्वावर चालतो. पाण्याच्या जागी हवा, खताच्या जागी पेट्रोल. इंजिन हवा ओढतं, हवा अरुंद गळ्यातून जाते आणि वाटीतलं पेट्रोल बारीक जेटमधून ओढून घेते.

स्वस्त आणि साधं काम. पण व्हेंच्युरीचा दोष आपल्याला ठाऊक आहे: दाब बदलला की खताचं प्रमाण बदलतं. कार्बोरेटरचंही तसंच. थंडीत सकाळी चोक ओढावा लागतो. आष्टीत नीट लावलेली गाडी चिखलदऱ्याला, हजार मीटरच्या वर नेली की तिथं हवा विरळ, पण पेट्रोल जवळपास तेवढंच येतं. मग धूर होतो आणि ॲव्हरेज पडतं. कार्बोरेटरला काही कळत नाही, तो फक्त ओढतो.

*२) प्रमाण एवढं महत्त्वाचं का?*

१ ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलला अंदाजे ११ किलो हवा. २०० लिटरचे ड्रम मोजले तर सुमारे ४५ ड्रम हवा!

पेट्रोल जास्त झालं तर काळा धूर, प्लग काळा, पैसे सायलेन्सरमधून बाहेर. पेट्रोल कमी झालं तर गाडी अडखळते, जोर लागत नाही, इंजिन जास्त तापतं. झाडाला युरिया जास्त झाला तरी नुकसान, कमी झाला तरी नुकसान, तसंच.

*३) नवी पद्धत: भाग ओळखा, ठिबकशी जोडा*

🔹 *पेट्रोल पंप = विहिरीतली सबमर्सिबल.* टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेली छोटी विजेची मोटर. चावी फिरवली की दोन-तीन सेकंद "झुंऽ" आवाज येतो, तो हिचाच. सबमर्सिबल पाण्यानं थंड राहते, ही पेट्रोलनं.

🔹 *पेट्रोल फिल्टर = ठिबकचा फिल्टर.* काम तेच, पण जाळी कितीतरी बारीक.

🔹 *प्रेशर रेग्युलेटर = दाब ठेवणारा व्हॉल्व्ह.* ठिबकला आपण साधारण १ किलो दाब ठेवतो. पेट्रोल इंजेक्शनला बहुतेक गाड्यांत ३ किलोच्या आसपास लागतो.

🔹 *इंजेक्टर = ड्रिपर,* पण विजेवर उघडणारा. आत तारेचं वेटोळं आणि एक सुई. वीज आली की वेटोळं चुंबक बनतं आणि सुई वर ओढतं, मग पेट्रोलचा बारीक फवारा उडतो. वीज गेली की स्प्रिंग सुई बंद करते.

🔹 *ईसीयू = ऑटोमेशनचा कंट्रोलर.* कोणता व्हॉल्व्ह कधी आणि किती वेळ उघडायचा हे तो ठरवतो. यालाच लोक "गाडीचा मेंदू" म्हणतात.

🔹 *सेन्सर = ओलावा आणि तापमान मोजणारे यंत्र.* हवा किती आली, हवेचं तापमान, इंजिनाचं तापमान, ॲक्सिलरेटर किती दाबला, इंजिन किती वेगानं आणि कोणत्या स्थितीत फिरतंय, ही सगळी माहिती यांच्याकडून जाते.

यातली खरी गंमत लक्षात घ्या. दाब जवळपास कायम ठेवला, तर पेट्रोलचं माप फक्त *वेळेनं* ठरतं. सुई जितका वेळ उघडी, तितकं पेट्रोल. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. इंजिन नुसतं सुरू असताना सुई दर वेळी साधारण दोन-तीन हजारांश सेकंद उघडते.

*४) किती बारीक काम आहे, हिशोब करा*

समजा तुमची दुचाकी ताशी ६० किमी वेगानं चालली आहे आणि ॲव्हरेज ५० आहे. म्हणजे तासाला १.२ लिटर पेट्रोल. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे मारतंय असं धरू. फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा फवारा, म्हणजे मिनिटाला २,५०० आणि तासाला १,५०,००० फवारे. १.२ लिटरला दीड लाखानं भागा. एका फवाऱ्यात ०.००८ मिलिलिटर पेट्रोल! ड्रिपरमधून पडणाऱ्या एका थेंबाचा जेमतेम सहावा भाग.

आता सांगा, अशा इंजेक्टरला बाटलीच्या तळाचं गढूळ पेट्रोल चालेल का?

*५) चूक स्वतःच सुधारणारा सेन्सर*

धूर जातो त्या नळीवर ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो सांगतो. ऑक्सिजन जास्त उरला, म्हणजे पेट्रोल कमी पडलं. लगेच ईसीयू सुई थोडी जास्त वेळ उघडी ठेवतो. ऑक्सिजन उरलाच नाही, तर वेळ कमी करतो. दिवसभर, क्षणाक्षणाला हे चालू असतं. आपण पाणी दिल्यावर मातीचा गोळा दाबून बघतो आणि पुढची पाळी ठरवतो, तेच काम.

म्हणून इंजेक्शनच्या गाडीला चोक लागत नाही. चिखलदऱ्याला विरळ हवा असली तरी ती जुळवून घेते. आजकाल पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई२० पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, १ ग्रॅमला साधारण ९ ग्रॅम. सेन्सर तेही ओळखतो आणि मिश्रण सुधारतो. मात्र जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील ई२० ला चालतात का, हे गाडीच्या पुस्तिकेत बघून घ्या.

*६) हे आपल्याकडे आलं कधी?*

जर्मनीच्या बॉश कंपनीनं १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या मोटारीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन दिलं. भारतात दुचाकीवर २००६ मध्ये हिरो होंडाची ग्लॅमर एफआय आली, २००७ मध्ये बजाजची पल्सर २२० डीटीएस-एफआय. तेव्हा ती हौशी लोकांची गोष्ट होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाला. धुराचं एवढं कडक माप कार्बोरेटरला पाळणं अवघड, म्हणून साध्या शंभर सीसीच्या दुचाकीतही इंजेक्शन आलं. त्यानंतरची तुमची दुचाकी किंवा पेट्रोल गाडी असेल, तर ती बहुधा इंजेक्शनचीच असेल.

नळीतली ती जाळी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करते. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा थर. म्हणून ती महाग. ठिणगी पडली नाही की न जळलेलं पेट्रोल या जाळीत जाऊन पेटतं. जाळी वितळते, भोकं बुजतात, धूर बाहेर पडेना होतो आणि इंजिन गुदमरतं. कोंढाळीला आमचं हेच झालं.

*७) पिवळा दिवा कसा वाचायचा* ⚠️

चावी फिरवली की इंजिनाचा दिवा लागतो आणि गाडी सुरू झाली की विझतो. हे बरोबर आहे. चावी फिरवून दिवा *लागतच नसेल*, तर दिवाच बंद आहे किंवा कुणी काढून टाकलाय. तपासून घ्या.

👉 *दिवा सतत लागलेला:* एखाद्या सेन्सरची किंवा मिश्रणाची तक्रार. गाडी नीट चालत असेल तर सावकाश घरी या, पण दोन-चार दिवसांत दाखवा. महिनाभर तसंच फिरू नका.

👉 *चारचाकीत दिवा लुकलुकतोय आणि गाडी अडखळतेय:* ठिणगी चुकतेय, जाळी जळण्याचा धोका. वेग कमी करा, सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा. *माल भरलेला असेल तरी थांबा.* दुसऱ्या गाडीचं भाडं जाळीपेक्षा स्वस्त पडतं.

👉 *लाल दिवा (ऑइल किंवा तापमान):* ताबडतोब बंद. हा वेगळा आणि जास्त गंभीर विषय.

काही दुचाकींत दिवा ठरावीक वेळा, लांब-आखूड चमकून दोषाचा नंबर सांगतो. तुमच्या गाडीची पुस्तिका बघा.

काही जण बॅटरीचा टर्मिनल काढून दिवा घालवतात. त्यानं नोंद पुसली जाते, दोष तिथंच राहतो. पानावरचा रोगट डाग कापून फेकला म्हणजे झाड बरं झालं, असं होत नाही.

*८) आपल्या सवयी, ज्या बदलायला हव्यात*

✅ *एचटीपी पंपानं इंजिन धुऊ नका.* तो दाब संत्र्याच्या शेंड्यापर्यंत फवारा नेण्यासाठी आहे. तारांच्या जोडण्यांत पाणी शिरतं. इंजिन ओल्या फडक्यानं पुसा.

✅ *टाकी पाव भागाच्या खाली नेऊ नका.* पंप पेट्रोलनं थंड राहतो. सबमर्सिबल कोरडी चालवली तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

✅ *फवारणी पंपाचं उरलेलं ऑइल-मिश्रित पेट्रोल दुचाकीत ओतू नका.* टू-स्ट्रोकचं ऑइल प्लग, ऑक्सिजन सेन्सर आणि जाळी, तिघांनाही वाईट. रॉकेलची भेसळ तर कधीच नको.

✅ *बाटलीत, कॅनमध्ये महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवू नका.* इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो.

✅ *एअर फिल्टर वेळेवर.* तोडणीच्या दिवसांत धुऱ्याच्या पांदणीतली धूळ आणि कापसाची तुस खूप असते. पुस्तिकेत दिलेल्या मुदतीपेक्षा लवकर तपासा.

✅ *बॅटरी चांगली ठेवा.* जुनी गाडी बॅटरी मेली तरी धक्का मारून चालू व्हायची. इंजेक्शनमध्ये पंप, ईसीयू, इंजेक्टर सगळेच विजेवर. बॅटरी पूर्ण बसली तर धक्क्याचा उपयोग सहसा होत नाही. टर्मिनल घट्ट आणि स्वच्छ हवेत.

✅ *गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा काढा.* कठडा, जाळी, हूक जोडताना वेल्डिंगचा प्रवाह ईसीयूपर्यंत जाऊन तो जळू शकतो.

✅ *उंदीर!* सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी लावली की उंदीर बॉनेटमधल्या तारा कुरतडतात. सुरू करण्याआधी एकदा बॉनेट उघडून बघा.

✅ *चावी फिरवून दोन सेकंद थांबा, मग स्टार्ट मारा.* पंपाला दाब तयार करू द्या. सुरू करताना ॲक्सिलरेटर दाबायची गरज नाही.

✅ *उतारावर न्यूट्रल करू नका.* गाडी गिअरमध्ये आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असेल, तर ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत नाही, वर ब्रेकवर भार.

*९) डिझेल पिकअप आणि ट्रॅक्टरवाल्यांसाठी*

नव्या डिझेल पिकअपमध्ये कॉमन रेल असतं. तत्त्व तेच: दाब ठेवा, वेळेनं माप करा. पण दाब ३ किलो नाही, *हजार किलोच्या कितीतरी वर.* आपल्या नाशिकलाच बॉशच्या कारखान्यात डिझेलचे असे इंजेक्टर बनतात. ५० एचपीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले, म्हणून त्यांतही कॉमन रेल आलं. आपल्याकडच्या लहान ट्रॅक्टरांत बहुतेक जुना मेकॅनिकल पंपच आहे.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा:

🔸 डिझेल फिल्टरखालचं पाणी पुस्तिकेप्रमाणे काढत जा. पाण्यानं पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात.

🔸 *इंजिन चालू असताना डिझेल गळतंय का, हे हात लावून कधीच बघू नका.* त्या दाबाची बारीक धार कातडीत घुसते. जखम सुईएवढी दिसते, पण आत डिझेल पसरतं आणि बोट, हात गमवावा लागू शकतो. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा, आणि "दाबानं डिझेल आत गेलंय" असं डॉक्टरांना सांगा.

*१०) गॅरेजात गेल्यावर काय बोलायचं*

झाड पिवळं दिसलं की आपण लगेच औषध मारत नाही. पाणी साचलंय का, मूळ कुजलंय का, अन्नद्रव्य कमी आहे का, हे आधी पाहतो. गाडीलाही तसंच.

1️⃣ "आधी स्कॅनर लावा, नंबर मला लिहून द्या." उदाहरण: पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकतेय.

2️⃣ नंबर म्हणजे लक्षण, कारण नाही. पी०१७१ आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका. हवेचा पाइप फाटला असेल, फिल्टर तुंबला असेल, पंपाचा दाब कमी असेल. "पेट्रोलचा दाब मोजला का?" हे विचारा.

3️⃣ स्वस्त ते आधी: जोडण्या, तारा, बॅटरी, फ्यूज, फिल्टर, प्लग. महाग ते शेवटी: पंप, इंजेक्टर, ईसीयू.

4️⃣ बदललेला जुना भाग परत मागा.

*उजळणी* ✍️ (घरातल्या पोरा-पोरींना विचारा)

• पेट्रोलचा दाब कायम असेल तर माप कशानं ठरतं?
• टाकी रिकामी ठेवली तर कोणता भाग तापतो?
• लुकलुकणारा दिवा दिसला तर माल भरलेल्या गाडीचं काय कराल?

उत्तरं या पाठातच आहेत.

*एक प्रस्ताव:* फोनला जोडता येणारा साधा स्कॅनर फार महाग नसतो. आपल्या कंपनीच्या कार्यालयात सभासदांसाठी एक घेऊन ठेवावा का? तोडणीआधी ज्यांना गाडी तपासायची आहे, त्यांनी या मेसेजला *"गाडी"* एवढंच उत्तर पाठवा. दहा-पंधरा जण झाले तर पुढच्या बैठकीत विषय मांडतो.

ज्या दादांची गोष्ट सांगितली, त्यांनीच ती तुम्हाला सांगायला लावली. म्हणाले, "माह्यं जे झालं ते झालं, बाकीच्यायचं नको व्हाले." आता गाडी धुताना ते इंजिनाला फडकंच लावतात.

तोडणीच्या दिवसात सांभाळून चालवा. पुढच्या आठवड्यात फळगळीवर बोलू.

आपला,
कृषी मार्गदर्शक, आष्टी 🍊